शमीची हजेरी



दिवाळीनंतर आलेल्या पत्रांत आटपाडीकडच्या एका वाचकाचे पत्र आहे. ते लिहितात, "आमच्या बांधावर आज्याच्या वेळची सौंदड आहे. दोन वर्षे झाली, शेंड्याकडून वाळत चालली आहे. धाकटा भाऊ म्हणतो, आत्ताच तोडू, लाकडाचे चार पैसे तरी येतील. पुढे पोकळ झाल्यावर कोणी फुकट नेणार नाही. आई म्हणते, तोडलीत तर दसऱ्याला मी पूजा कशाची करू? साहेब, तोडू की ठेवू ते कळवा."

सौंदड म्हणजे शमी. या पत्राचे उत्तर एका ओळीचे नाही. पण हाच प्रश्न ज्या मुलखात घरोघरी पडला आहे, तिथे मी काही दिवस राहून आलो आहे. तो मुलूख म्हणजे राजस्थानातला मारवाड, थरचे वाळवंट. तिकडे शमीला खेजडी म्हणतात. आज तुम्हाला तिकडे घेऊन जातो आणि परतताना पत्राचे उत्तर देतो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूचे डोंगर आणि उंटांची रांग येते. तसाही भाग आहे, पण मारवाडचा मोठा भाग शेतीचा आहे. बाजरी, मटकी, मूग, गवार, तीळ ही तिथली पिके. पाऊस जोधपूरकडे वर्षाला ३५० मिलिमीटरच्या आसपास, तर पश्चिमेला जैसलमेरकडे २०० च्याही आत. आपण माण-आटपाडीची माणसे ५०० मिलिमीटरला कपाळाला हात लावून बसतो. असो.

त्या शेतांत खेजडी केवळ बांधावर नसते, भर पिकात उभी असते. बाहेरच्या माणसाला वाटते, या लोकांनी झाडे काढायचा आळस केला आहे. तसे मुळीच नाही. ही झाडे शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मुद्दाम राखलेली आहेत. खेजडी शेंगावर्गीय, म्हणजे हवेतला नत्र जमिनीत आणणारी. तिची मुळे ३० मीटरपेक्षाही खोल गेल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे वरच्या थरातल्या ओलाव्यासाठी ती बाजरीशी फारशी भांडत नाही. उन्हाळा तोंडावर आला की सारे रान करपते, आणि नेमकी तेव्हा हिला नवी पालवी फुटते. हिचा पाला शेळ्या-उंटांना चालतो, त्याला तिकडे लूंग म्हणतात. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. त्या वाळवून वर्षभर भाजीला ठेवतात. १८६८-६९ च्या दुष्काळात तर लोकांनी या झाडाची साल दळून तिच्या भाकरी खाल्ल्या. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे 'काझरी'ने, १९८० साली या एकट्या झाडावर एक पुस्तक काढले. राजस्थान सरकारने १९८३ मध्ये हिला राज्यवृक्षाचा मान दिला. आणि जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली राजाची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग बिष्णोई समाजाची मिळून ३६३ माणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली व मारली गेली. हे बहुतेकांनी ऐकलेले असेल. मी तुम्हाला ऐकवणार आहे ते त्या मानाने फार साधे आहे.

२०१९ च्या डिसेंबरात मी जोधपूर भागात गेलो होतो. एका शेतकऱ्याच्या घरी तीन दिवस मुक्काम होता. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. सारे गाव त्यांना काकोसा म्हणे आणि त्यांच्या मालकिणीला काकीसा. मीही तेच म्हणू लागलो. पहिल्याच संध्याकाळी बाजेवर बसून गप्पा चालल्या होत्या. मी विचारले, "काकोसा, शेळ्या किती?"

"सतरा. त्यांतल्या तीन गाभण आहेत. एक मागच्या पायाने लंगडते."

"आणि खेजड्या?"

"असतील चाळीसेक."

मंडळी, हे 'असतील' माझ्या मनात रुतून बसले. ज्या शेळ्या त्या झाडांच्या पाल्यावर जगतात त्यांतली एक लंगडते हे माणसाला पाठ, आणि ज्या झाडांवर सगळे घर उभे आहे ती 'असतील'! हसू नका. तुमच्या बांधावर झाडे किती, हे आत्ता मासिक-पुस्तक बाजूला ठेवून सांगता येते का ते पाहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हजेरी घ्यायला निघालो. काकोसा, त्यांचा सातवीतला नातू, मी, एक शाळेची वही, शिंप्याची टेप आणि वाटीत कालवलेला गेरू. प्रत्येक झाडाला गेरूने नंबर घातला. खिळा मारून पत्र्याचा बिल्ला ठोकायची पद्धत काही ठिकाणी आहे, मला ती पसंत नाही. सालीला जखम करून झाडाची काळजी कसली घेता? वहीत तीन रकाने पाडले. नंबर, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, आणि झाडाची प्रकृती.

दुपारपर्यंत ३८ झाडे झाली. घरी येऊन वही वाचली, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या काकीसा म्हणाल्या, "एक्केचाळीस आहेत. कुंपणातल्या तीन राहिल्या."

काकोसा म्हणाले, "ती झाडे नव्हेत, रोपटी आहेत. अंगठ्याएवढी."

"करडे मोजता ना शेळ्यांत? मग ही का नाही?"

आम्ही तिघेही गप्प. जेवण झाल्यावर काटेरी कुंपणापाशी गेलो. बोरीच्या वाळक्या फांद्यांमध्ये तीन खेजड्या उभ्या होत्या, शेळीचे तोंड आणि ट्रॅक्टरचा फाळ दोन्ही न पोचेल अशा जागी. त्या वहीत चढवल्या तेव्हा सगळा हिशेब उघडा पडला. ३८ झाडे, सगळी जुनी. त्यांच्या खालोखाल मनगटाएवढे, मांडीएवढे, एकही झाड नाही. एकदम अंगठ्याएवढी तीन, तीही शेतात नव्हे, कुंपणात. गावात सगळे म्हातारे आणि पाळण्यात तीन पोरे, मधली पिढीच नाही, अशी त्या शेताची गत होती. जुन्या ३८ मध्ये चार पुरती वाळलेली, सातांचे शेंडे गेलेले.

ही कथा एका शेतापुरती नाही. पश्चिम राजस्थानात गेली कित्येक वर्षे खेजड्या वाळत आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांची पाहणी करत आहेत. एकच एक कारण सापडलेले नाही, बरीच मिळून आलेली आहेत. मुळे पोखरणारा एक भुंगेरा आहे, त्याची जाड पांढरी अळी मुळांच्या आत राहून ती पोकळ करते. गॅनोडर्मा नावाची बुरशी मुळे कुजवते, पावसाळ्यात बुंध्यापाशी तिची लाकडासारखी कडक छत्री उगवते. खोल कूपनलिकांनी भूजल खाली गेले आहे. ट्रॅक्टरची नांगरट वरची मुळे तोडते, आणि तुटलेल्या मुळांतून रोगाला वाट मिळते. त्यात दरसालची बोडकी छाटणी. वाळवी चढलेली दिसली की लोक सगळा दोष तिच्यावर टाकतात. वाळवी बहुधा मागाहून येते, मेलेली साल खायला. अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी जमिनी मोकळ्या करताना खेजड्या तुटतात म्हणून बिकानेरकडे लोकांनी आंदोलनेही केली. उन्हापासून वीज जरूर करावी, पण सावली विकून नव्हे, असे आपले माझे मत.

छाटणीचे मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ते शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात आहे. मारवाडात डिसेंबरच्या सुमारास खेजडी सवळतात. आम्ही हजेरी घेत होतो तेव्हा निम्मी झाडे आधीच बोडकी होती, नुसते खांब. काझरीने फार पूर्वी याचे मोजमाप केले आहे. पूर्ण वाढलेले झाड सगळेच्या सगळे छाटले तर सुमारे ६० किलो वाळका पाला मिळतो. मधला शेंडा राखून छाटले तर सुमारे ३० किलो. आणि फक्त खालचा एक तृतीयांश भाग छाटला तर २० किलो. आकडे ऐकून कोणीही ६० किलोच घेईल. पण दरसाल बोडके होणाऱ्या झाडाला मुळे पोसायला पाने उरत नाहीत, आणि ज्या डहाळ्यांवर पुढे फुले येणार त्याच तोडल्या जातात. फूल नाही म्हणजे सांगरी नाही, सांगरी नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे मधली पिढी नाही.

हे मी काकोसांना सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही तीस किलो झाडावर ठेवा म्हणता. पण माझ्या शेळ्या ते तीस किलो कुठून खातील?"

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. आम्ही विस्तार खात्याची माणसे अशा वेळी वही चाळू लागतो. मीही चाळली. त्यातून सतरा नंबरचे झाड आठवले.

सतरा नंबरची खेजडी शेताच्या कोपऱ्यातल्या देवाच्या थानापाशी आहे. देवाची म्हणून तिला कोणी कुऱ्हाड लावत नाही. आपल्याकडे देवराईतल्या झाडाला लावत नाहीत तसेच. मारवाडात अशा राखलेल्या रानांना ओरण म्हणतात. सकाळी या झाडापाशी आलो तेव्हा नातवाने वर बोट दाखवले. ढोलीत पिंगळ्यांची जोडी बसली होती. मग एकेक दिसू लागले. खोडावर खारीची धावपळ. सालीच्या फटींत कोळ्यांची जाळी आणि मुंग्यांची रांग. डहाळ्यांवर गाठी, त्या बारीक कीटकांनी केलेल्या, त्यांच्यात किडे वाढतात आणि किड्यांवर पाखरे. फांदीला सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी. पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची बोर आणि केर यांची झुडपे बुडाशी उगवलेली. माती उकरली तर भोवतालच्या पिवळ्या वाळूहून काळसर, पाचोळा मिसळलेली. बाजरीची काढणी झाली होती, पण झाडाखालची धसकटे इतर शेतातल्यापेक्षा जाड होती, हे मी बोटांनी चाचपून पाहिले. नातवाने विचारले, "हे सगळे कुठे लिहू?" वहीत रकाना नव्हता. तिथेच चौथा रकाना पाडला आणि त्याला नाव दिले 'बिऱ्हाडे'. सतरा नंबरपुढे त्या दिवशी सात बिऱ्हाडे लिहिली. मग मागे फिरून नऊ नंबरच्या, दरसाल बोडक्या होणाऱ्या झाडापाशी गेलो. तिथे मुंग्या आणि वाळवी, बस्स.

काकीसांना हे वाचून दाखवले तर त्यांना काहीच नवल वाटले नाही. म्हणाल्या, "घरातली सांगरी सगळी त्याच झाडाची. बाकीच्यांना येतेच कुठे?" सांगरीचा भाव विचारा म्हणजे कळेल. वाळलेली चांगली सांगरी शहरात महाग विकली जाते. पाल्याचा हिशेब काकोसांकडे, सांगरीचा काकीसांकडे, आणि दोन हिशेब आजवर कधी एका वहीत आलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी घरात बराच वेळ बोलणे चालले. मी मुद्दाम बाहेर बसलो. शेवटी ठरले ते असे. शेंडे गेलेली सात झाडे तीन वर्षे अजिबात छाटायची नाहीत. बाकीच्यांचा मधला शेंडा आणि वरचा भाग राखायचा. पाला कमी पडेल, म्हणून तीन शेळ्या विकायच्या. तो निर्णय सोपा नव्हता. त्या शेळ्यांच्या पैशातून नातीच्या लग्नाची तजवीज व्हायची होती. रोपट्यांच्या दोन्ही अंगांना काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधायच्या, म्हणजे ट्रॅक्टरवाला वळसा घालील.

तेव्हापासून दर होळीला नातू फोन करून हजेरी सांगतो. आता तो कॉलेजात आहे. जुनी झाडे ३८ वरून ३३ वर आली आहेत. सातांतली तीन गेली, चार सावरली. वाळलेल्या चारांपैकी दोन काढली, दोन पिंगळ्यांसाठी तशीच उभी ठेवली, म्हणून ती हजेरीत अजून आहेत. रोपटी अकरा झाली आहेत, त्यांतली आठ भर शेतात. काकोसा राहिले नाहीत. वही काकीसांकडे असते.

आता जरा माझे स्वतःचे सांगतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी एका कोरडवाहू गावात एका शेतकऱ्याला बांधावरच्या दोन सौंदडी काढायला सांगितले होते. सावलीने ज्वारीच्या चार ओळी मार खातात, हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि नवी पदवी खिशात होती. त्यांनी माझ्या शब्दाखातर काढल्या. पुढे एका दुष्काळात त्या गावी गेलो तेव्हा ते मला काही बोलले नाहीत. चहा दिला. निघताना बांधावरून चालताना फक्त एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथं शेळ्या उन्हाळा काढायच्या." मी चार ओळी मोजल्या होत्या. बाकी काही मोजलेच नव्हते.

तर आटपाडीच्या बंधूंनो, तुमच्या सौंदडीची आधी हजेरी घ्या. तुम्ही, भाऊ आणि आई, तिघांनी मिळून घ्या. आईंना वगळू नका, झाडाखाली काय उगवते आणि वर काय बसते हे त्यांना जास्त ठाऊक असेल. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, सुतळीने घेर मोजा. फांद्यांचा विस्तार पावलांनी मोजा, एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर. मग पाच-सहा वाळक्या दिसणाऱ्या डहाळ्यांची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवी असेल तर डहाळी जिवंत आहे. बुंध्याभोवतीची माती वीतभर हाताने उकरा, कुदळ लावू नका. मूळ पोकळ लागते का, जाड पांढरी अळी दिसते का, भुसा पडला आहे का, बुंध्याला कडक छत्रीसारखी बुरशी आहे का, हे पाहा. ढोलीत कोण राहते तेही लिहा. गेल्या पाच वर्षांत कितीदा आणि किती उंचीपर्यंत सवळली, ते आठवून लिहा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, पन्नास पावलांच्या आत तिची किती पिले आहेत?

पिले ओळखताना एक सांभाळा. वेडी बाभूळ लहानपणी पुष्कळशी शमीसारखीच दिसते, आणि भलत्याच रोपाला जीव लावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. हे झाड परदेशी. जोधपूर संस्थानात १९४० साली त्याला राजवृक्ष म्हणून मान मिळाला होता, आणि आज तेच तिथल्या गवताळ रानांना गिळत चालले आहे. खूण सोपी आहे. वेडी बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यात, जोडीजोडीने आणि लांब असतात. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद, आणि दोन पानांच्या मधल्या काडीवर विखुरलेले असतात. शेंग मिळाली तर प्रश्नच नाही. शमीची बारीक, काडीसारखी असते, वेडी बाभळीची जाड, चपटी आणि पिवळसर.

शमीचे रोप सापडले तर उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. वर ते वीतभर दिसते, पण मूळ कितीतरी खोल गेलेले असते, आणि ते तुटले की रोप गेले. जिथे उगवले तिथेच काट्यांचे कुंपण करा.

औषधाचे नाव आणि प्रमाण मी मुद्दामच देत नाही. अळी असेल तर एक उपाय, बुरशी असेल तर दुसरा, आणि नुसती छाटणीने थकलेली असेल तर कुठलेच औषध नको, तीन वर्षांची विश्रांती हवी. बुंध्यात अंदाजाने विष ओतले तर ढोलीतली बिऱ्हाडे आधी जातील. भावाला सांगा, चैत्रातली पालवी पाहिल्याशिवाय लाकूडवाल्याला शब्द देऊ नको. पालवी आलीच नाही आणि डहाळ्यांत कुठेही हिरवे सापडले नाही, तर मग तोडायला माझी हरकत नाही. मात्र परवानगी लागते का याची वनखात्याकडे आधी चौकशी करा.

हजेरीचा कागद मला पाठवा. बुंध्यापाशी भुसा किंवा बुरशी मिळाली तर चिमूटभर कोरड्या कागदात बांधून पाकिटात घाला, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिला बुरा येतो. पाकिटावर झाडाचा नंबर टाकायला विसरू नका. एकच झाड असले तरी त्याला 'एक' नंबर द्या.